‘नो मॉड्यूल नेम्ड…’ : पायथॉनचं ॲप सर्व्हरवर सुरू होत नसेल तर

आमच्या सर्व्हरवर जँगो, फ्लास्क किंवा फास्टएपीआय चालवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लॅपटॉपवर ॲप व्यवस्थित चालत होतं. सर्व्हरवर चढवलं, सर्व्हिस सुरू केली आणि ब्राउझरमध्ये ‘५०२ बॅड गेटवे’. आम्हाला येणाऱ्या मेलमध्ये बहुतेक वेळा याच पानाचा स्क्रीनशॉट असतो. त्यातून आम्हाला काहीच कळत नाही, कारण ते पान एनजिनएक्स (समोर बसलेला वेब सर्व्हर) दाखवतो आणि मागचं ॲप उत्तर देत नाहीये एवढंच त्याला ठाऊक असतं. खरी तक्रार लॉगमध्ये असते:

जर्नलसीटीएल -यू दुकान -एन ५०

‘दुकान’च्या जागी तुमच्या सर्व्हिसचं नाव घाला. (या पत्रकात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

लॉगच्या तळाशी गनिकॉर्न (तुमचं पायथॉन ॲप चालवणारा सर्व्हर) ‘वर्कर फेल्ड टू बूट’ असं लिहून मोकळा होतो. तिथं थांबू नका, वर सरका. ट्रेसबॅक (एरर कोडमध्ये कुठून कुठून आली त्याची यादी) दिसेल आणि त्याची शेवटची ओळ अशी असेल: ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड अमुक’. पुढचं सगळं या अमुकवर अवलंबून आहे.

एक कळकळीची विनंती. ते नाव दिसल्याबरोबर ‘पिप इन्स्टॉल अमुक’ मारू नका (पिप म्हणजे पायथॉनची पॅकेजेस आणून बसवणारा प्रोग्राम). आमच्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत पॅकेज बहुतेकदा सर्व्हरवर असतंच. फक्त सर्व्हिस ते भलत्याच पायथॉनमध्ये किंवा भलत्याच फोल्डरमध्ये शोधत असते. इन्स्टॉल मारत सुटलं की एकाच मशीनवर तीन ठिकाणी तीन आवृत्त्या जमतात आणि मग गुंता सोडवायला आम्हालाही वेळ लागतो. म्हणून आधी दोनच प्रश्न: ॲप कोणत्या पायथॉनने सुरू होतंय, आणि कोणत्या फोल्डरमधून?

एररमधलं नाव तुमच्याच प्रोजेक्टचं असेल तर

मग प्रश्न फोल्डरचा आहे. इन्स्टॉल करण्यासारखं त्यात काही नाही.

जँगोवाले ग्राहक इथे हमखास अडकतात. ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट दुकान’ केलं की एकाच नावाचे दोन फोल्डर तयार होतात. बाहेरच्या ‘दुकान’मध्ये मॅनेज.पीवाय असते, आतल्या ‘दुकान’मध्ये सेटिंग्ज.पीवाय आणि डब्ल्यूएसजीआय.पीवाय (गनिकॉर्न जिच्यातून ॲप सुरू करतो ती फाइल). गनिकॉर्न सुरू व्हायला हवा तो बाहेरच्या फोल्डरमधून, म्हणजे जिथे मॅनेज.पीवाय आहे तिथून. समजा प्रोजेक्ट /एसआरव्ही/दुकान मध्ये आहे. तुम्ही एक पायरी वर, /एसआरव्ही मध्ये उभे राहून ‘दुकान.डब्ल्यूएसजीआय’ मागितलंत, तर एरर येते ‘नो मॉड्यूल नेम्ड दुकान.डब्ल्यूएसजीआय’. पायथॉनला बाहेरचा दुकान सापडला, पण त्यात ती फाइल नाही. आतल्या फोल्डरमधून किंवा भलतीकडून मागितलंत तर येते नुसती ‘नो मॉड्यूल नेम्ड दुकान’. फरक एका टिंबाचा, पण तुम्ही कुठे उभे आहात ते त्यावरून समजतं.

यावर पुष्कळ जण ‘दुकान.दुकान.डब्ल्यूएसजीआय’ असं लिहून बघतात. गाडी एक पाऊल पुढे जाते आणि मग ‘नो मॉड्यूल नेम्ड दुकान.सेटिंग्ज’ येतं, कारण डब्ल्यूएसजीआय.पीवायमध्ये सेटिंग्जचा पत्ता ‘दुकान.सेटिंग्ज’ असाच लिहिलेला असतो. तो पत्ताही बदलला की पुढे एकेका ॲपचं नाव अडू लागतं. तेव्हा नावं बदलत बसू नका, फोल्डर बदला.

सिस्टमडी म्हणजे सर्व्हरवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम. त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये त्यासाठी एक ओळ लागते:

वर्किंगडिरेक्टरी=/एसआरव्ही/दुकान

ही ओळ नसेल तर सिस्टमडी तुमची सर्व्हिस मुळाशी, म्हणजे नुसत्या ‘/’ मध्ये सुरू करतो. तुम्ही टर्मिनलमध्ये ‘सीडी’ करून योग्य फोल्डरमध्ये गेलेले असता, म्हणून हाताने चालवलेली तीच कमांड चालते आणि सर्व्हिस मात्र उठत नाही. ओळ घातल्यावर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि मग ‘रीस्टार्ट’. रीलोड राहून गेलं तर जुनीच फाइल वापरली जाते.

गनिकॉर्न आणि युव्हिकॉर्न (फास्टएपीआयसाठी वापरतात तो तसाच सर्व्हर) ज्या फोल्डरमधून सुरू होतात तो स्वतःहून शोधयादीत, म्हणजे पायथॉन मॉड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, घालतात. अपाचीचा मॉड-डब्ल्यूएसजीआय तसं करत नाही, त्याला पायथॉन-पाथ स्पष्ट सांगावा लागतो. अपाचीवरून आमच्याकडे आलेल्या किंवा उलट गेलेल्या ग्राहकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

फास्टएपीआयवाल्यांसाठी थोडं वेगळं. फाइल ॲप/मेन.पीवाय असेल तर ‘युव्हिकॉर्न ॲप.मेन:ॲप’ असं, ‘ॲप’च्या बाहेरच्या फोल्डरमधून. स्लॅश नाही, टिंब. शेवटी .पीवाय नाही. फाइलच्या नावात आडवी रेघ असेल, उदाहरणार्थ ‘माय-ॲप.पीवाय’, तर तुमच्या कोडमध्ये तिला इम्पोर्ट लिहिताच येत नाही, अंडरस्कोर वापरा. आणि ‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज’ दिसलं, तर पॅकेजच्या आतली फाइल थेट चालवली गेली आहे. ‘पायथॉन ॲप/मेन.पीवाय’ ऐवजी ‘पायथॉन -एम ॲप.मेन’ करा.

‘फेल्ड टू फाइंड ॲट्रिब्यूट ॲप इन मेन’ ही मात्र चांगली बातमी समजा. फाइल सापडली आहे, फक्त कोलननंतरचं नाव तुमच्या कोडमधल्या व्हेरिएबलशी जुळत नाही.

नाव बाहेरच्या पॅकेजचं असेल तर

फ्लास्क, रिक्वेस्ट्स, सेलरी असं काही असेल तर प्रश्न पायथॉनचा. सर्व्हरवर किमान दोन पायथॉन असतातच: एक उबंटूचा स्वतःचा, दुसरा तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला, ज्याला आपण सगळे व्हेन्व म्हणतो. पॅकेजेस व्हेन्वमध्ये टाकली आणि सर्व्हिस उबंटूच्या पायथॉनने चालली, की ‘नो मॉड्यूल नेम्ड फ्लास्क’ ठरलेलं.

नेहमीचं कारण गनिकॉर्न स्वतः. तो ‘ॲप्ट’ने सिस्टमवर टाकलेला असतो आणि व्हेन्वमध्ये टाकायचा राहून गेलेला असतो. व्हेन्व ॲक्टिव्हेट केलं तरी ‘गनिकॉर्न’ म्हटल्यावर /यूएसआर/बिन मधलाच उठतो आणि तो उबंटूचा पायथॉन वापरतो. ‘व्हिच गनिकॉर्न’ करून बघा. नंतर व्हेन्वमध्ये टाकूनही टर्मिनल जुनाच उचलत असेल तर ‘हॅश -आर’ मारा. बॅश आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो.

सर्व्हिस फाइलमध्ये ॲक्टिव्हेट वगैरेच्या भानगडीत पडायचंच नाही. सिस्टमडी तुमची .बॅशआरसी वाचत नाही. पूर्ण पत्ता लिहा:

एक्झेकस्टार्ट=/एसआरव्ही/दुकान/व्हेन्व/बिन/पायथॉन -एम गनिकॉर्न दुकान.डब्ल्यूएसजीआय:ॲप्लिकेशन

पॅकेज टाकतानाही तोच पायथॉन (रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी म्हणजे ॲपला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी):

/एसआरव्ही/दुकान/व्हेन्व/बिन/पायथॉन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

नुसतं ‘पिप’ लिहिलं की तो कोणाचा पिप हा प्रश्न उरतो. ‘सुडो पिप’ तर नकोच, कारण सुडो स्वतःचा पाथ वापरतो आणि तुमचं व्हेन्व त्याच्या खिजगणतीत नसतं. पिपने ‘डिफॉल्टिंग टू युजर इन्स्टॉलेशन’ असं छापलं तर समजा की पॅकेज तुमच्या होम फोल्डरमधल्या .लोकलमध्ये गेलं. तुम्हाला ते दिसतं, पण सर्व्हिस ज्या युजरने चालते त्याला दिसत नाही.

उबंटू २४.०४ किंवा डेबियन १२ वर व्हेन्वच्या बाहेर पिप चालवलं तर तो ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार देतो. त्याच संदेशात ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्यायही सांगितलेला असतो. तो वापरू नका. नावातच काय होणार ते लिहिलं आहे, तरी लोक वापरतात.

व्हेन्वचा फोल्डर कॉपी करून किंवा नाव बदलून हलवू नये. त्याच्या बिनमधल्या गनिकॉर्नच्या पहिल्याच ओळीत जुन्या पायथॉनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. जुना फोल्डर काढून टाकला असेल तर सर्व्हिस २०३/एक्झेक (प्रोग्राम सुरूच करता आला नाही) म्हणून पडते, ते परवडलं. जुना फोल्डर शिल्लक असेल तर ॲप मुकाट्याने जुनीच पॅकेजेस वापरत राहतं आणि नवीन टाकलेलं एकही दिसत नाही. व्हेन्व दोन मिनिटांत नवं बनतं, त्याचा बॅकअपही आम्ही मुद्दाम घेत नाही. जपायची ती रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी.

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेल्यावर सगळी पॅकेजेस एकदम ‘गायब’ होतात तेही असंच. पायथॉन ३.१० चा ३.१२ झाला, व्हेन्वमधला पायथॉन सिस्टमच्या पायथॉनकडे बोट दाखवतो, पण पॅकेजेस बसली आहेत पायथॉन३.१० नावाच्या फोल्डरमध्ये. व्हेन्व नव्याने बनवा.

पॅकेजचं नाव एक, इम्पोर्टचं दुसरं

‘नो मॉड्यूल नेम्ड यामल’ आलं तर टाकायचं पायवायएएमएल. सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथॉन, पीआयएल साठी पिलो, डॉटएन्व्ह साठी पायथॉन-डॉटएन्व्ह, बीएस४ साठी ब्यूटिफुलसूप४, मायएसक्यूएलडीबी साठी मायएसक्यूएलक्लायंट. सीव्ही२ सापडून ‘लिबजीएल’ची फाइल नाही अशी कुरकुर असेल तर ओपनसीव्हीचं ‘हेडलेस’ पॅकेज घ्या. सर्व्हरला स्क्रीन नसते.

नाव अंदाजाने टाकून बघणं धोक्याचंही आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवरून (पिप जिथून पॅकेजेस आणतो ती साइट) दोन पॅकेजेस काढून टाकावी लागली: एक ‘पायथॉन३-डेटयुटिल’, दुसरं ‘जेलीफिश’सारखं दिसणारं, ज्यात छोट्या एलच्या जागी मोठा आय होता. ही दोन्ही पॅकेजेस लोकांच्या मशीनवरच्या गुप्त किल्ल्या (लॉगिनच्या वगैरे ‘की’) चोरण्यासाठी बनवलेली होती. तुम्हाला हव्या असलेल्या लायब्ररीच्या अधिकृत पानावर दिलेली इन्स्टॉलची ओळच कॉपी करा.

विंडोजवर लिहिलेल्या कोडमध्ये आणखी एक गंमत असते. ‘युटिल्स.पीवाय’ आधी कॅपिटल यूने होती, मग नाव बदलून छोटा यू केला; विंडोजवरच्या गिटला हा बदल सहसा कळत नाही आणि गिटहबवर जुनंच नाव राहतं. तिथून लिनक्सवर आलं की छोट्या यूचा इम्पोर्ट सापडत नाही, कारण लिनक्सला ती दोन वेगळी नावं आहेत. आणि विंडोजवरच गनिकॉर्न चालवायला गेलात तर ‘नो मॉड्यूल नेम्ड एफसीएनटीएल’ येईल. ते टाकून मिळणारं पॅकेज नव्हे, युनिक्सवरच असणारा भाग आहे. विंडोजवर वेट्रेस (गनिकॉर्नसारखाच दुसरा सर्व्हर) वापरा.

मॉड्यूल सापडलं, पण आतलं नाव नाही

‘कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल_कोट फ्रॉम वर्कझ्यूग.यूआरएल्स’. ही ओळ ३० सप्टेंबर २०२३ नंतर जगभर दिसू लागली. त्या दिवशी वर्कझ्यूग (फ्लास्क ज्या लायब्ररीवर उभा आहे ती) ३.० आलं आणि त्यातून यूआरएल_कोट काढलेलं होतं. अनेकांच्या रिक्वायरमेंट्समध्ये फ्लास्क २.२ ची आवृत्ती पक्की केलेली, वर्कझ्यूगची नाही. फ्लास्क २.२ ला ‘वर्कझ्यूग २.२ किंवा पुढचं’ चालत असल्यामुळे पिपने नव्या सर्व्हरवर ३.० आणून बसवलं. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही आणि ॲप बंद. मार्च २०२२ मध्ये जिंजा२ (फ्लास्कला लागणारी टेम्पलेटची लायब्ररी) ३.१ आलं तेव्हा ‘एस्केप’ या नावावरून हेच झालं होतं.

तात्पुरता उपाय: रिक्वायरमेंट्समध्ये ‘वर्कझ्यूग<३’. कायमचा: फ्लास्क वर न्या, आणि चालत्या ॲपच्या व्हेन्वमधून ‘पिप फ्रीझ’ काढून सगळ्या आवृत्त्या नोंदवा, फक्त तुम्ही स्वतः मागितलेल्या नव्हे.

पायथॉन बदलल्यामुळेही अशी नावं जातात. ३.१२ मधून डिस्टयुटिल्स आणि आयएमपी गेले; शिवाय नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही, म्हणून पीकेजी_रिसोर्सेस सापडत नाही. ३.१३ मधून सीजीआय आणि आयएमजीएचडीआर गेले. जुनं पॅकेज यांच्यावर अडलं असेल तर आधी त्याची नवी आवृत्ती बघा.

तुमच्याच फाइलने वाट अडवली असेल तर

फोल्डरमध्ये फ्लास्क.पीवाय, ईमेल.पीवाय, कॅलेंडर.पीवाय किंवा रँडम.पीवाय आहे का ते बघा. एका वाड्यात दोन देशपांडे असले की पोस्टमन पहिल्या दारातच पत्र टाकतो. पायथॉनही यादीतल्या पहिल्या फोल्डरात नाव सापडलं की पुढे जात नाही, आणि पहिला फोल्डर तुमचा असतो. लॉगमध्ये ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ असे शब्द दिसतात. फाइलचं नाव बदला. तशी फाइल नसेल तर तुमच्या दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करत आहेत. दोघींना लागणारा भाग तिसऱ्या फाइलमध्ये काढा.

रीस्टार्टच्या आधी

प्रोजेक्टच्या फोल्डरमधून, सर्व्हिसच्याच युजरने हे चालवा:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा /एसआरव्ही/दुकान/व्हेन्व/बिन/पायथॉन -एम गनिकॉर्न --चेक-कॉन्फिग दुकान.डब्ल्यूएसजीआय:ॲप्लिकेशन

ॲप खरोखर लोड करून बघितलं जातं, पण चालू साइटला धक्का लागत नाही. इथे एरर आली तर रीस्टार्ट करू नका.

तरीही अडलं तर तिकीट टाकताना चार गोष्टी पाठवा: पूर्ण ट्रेसबॅक (मजकूर म्हणून, फोटो नको), सर्व्हिस फाइल, ‘पिप फ्रीझ’चं उत्तर, आणि या ओळीचं उत्तर:

/एसआरव्ही/दुकान/व्हेन्व/बिन/पायथॉन -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल, सिस.पाथ)"

सर्व्हिस फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा सीक्रेट की लिहिलेली असेल तर पाठवण्याआधी पुसा.