पल्सार म्हणायचं ते नक्की कुणाला?

मे महिन्यात पहाटे चारच्या सुमारास गुहागरच्या किनाऱ्यावरून नैऋत्येला वृश्चिक समुद्राकडे कललेला दिसतो. मासेमारीबंदी तोंडावर आलेली असते, त्यामुळे खाली होड्यांचे दिवेही बरेच असतात. वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा कोणालाही ओळखू येते. तिच्या जवळच, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, एआर स्कॉर्पिआय हा जोडतारा आहे. एका जुन्या वादात त्याची साक्ष मोलाची आहे.

वाद मॅग्नेटारांचा. हे साधारण 2 ते 12 सेकंदांत गिरकी घेणारे, क्ष-किरण फेकणारे पल्सार, म्हणजे फिरताना ठरावीक ठेक्यात झळकणारे तारे. शर्मिष्ठा तारकासमूहातला 1ई 2259+586 घ्या. तो 7 सेकंदांत एकदा फिरतो. नेहमीचा पल्सार मंदावताना जी ऊर्जा गमावतो, त्यावरच त्याचं भागतं. इथे मात्र तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा, धरला, तर या जमेपेक्षा क्ष-किरणांचा खर्च शेकडो पट भरतो. म्हणून 1992 मध्ये डंकन आणि थॉम्प्सन या खगोलशास्त्रज्ञांनी प्रचंड चुंबकक्षेत्राची कल्पना मांडली: ऊर्जा तिथून येते.

त्याआधीच, 1990 मध्ये, पाचिन्स्की यांनी वेगळी वाट सुचवली होती. हा श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा इंधन संपून उरलेला गाभा, असला तर? भोवरा आणि जातं सारख्याच वेगाने फिरत असतील, तरी जात्यात साठलेली ऊर्जा कितीतरी जास्त. न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या 10-12 किलोमीटर, जड श्वेत बटूची हजारो. तेवढ्याच मंदावण्यातून लाखभर पट ऊर्जा मिळते आणि हिशेब जुळतो! 2012 मध्ये मालहेरो, रुएडा आणि रुफिनी यांनी ही कल्पना पुन्हा नेटाने मांडली.

हिशेब सुंदर आहे, तरी मला तो पटत नाही. 1ई 2259+586 हा सीटीबी 109 या अतिनवताऱ्याच्या अवशेषात बसलेला आहे, आणि तारा फुटून मागे उरतो तो न्यूट्रॉन तारा. शिवाय 27 डिसेंबर 2004 ला एसजीआर 1806-20 हा दुसरा मॅग्नेटार जवळपास एका मिलिसेकंदात भडकला. तेवढ्या वेळात प्रकाश 300 किलोमीटरच जातो. म्हणजे भडकलेला भाग त्याहून फार मोठा नव्हता.

पण श्वेत बटू पल्सारसारखे वागूच शकत नाहीत, असंही नाही. एआर स्कॉर्पिआयमधला श्वेत बटू 117 सेकंदांत फिरतो आणि शेजारच्या लाल बटूला, म्हणजे लहान, थंडसर ताऱ्याला, आपल्या झोताने झोडपतो. त्या झोताबरोबर सगळा जोडतारा दर दोन मिनिटांनी उजळतो, अगदी रेडिओलहरींतसुद्धा. हे 2016 मध्ये जाहीर झालं. पाचिन्स्कींच्या ताऱ्याहून तो बराच संथ आहे, पण जातीचा श्वेत बटूच.