बायस कमी की ड्राइव्ह जास्त? फाटलेल्या सिग्नलची दोन कारणे

चाळीस मीटरच्या बँडवर सकाळच्या गप्पांत कोणी सांगते की आपला आवाज फाटतो आहे आणि शेजारच्या फ्रीक्वेन्सीवरही ऐकू येतो आहे, तेव्हा बहुतेक हौशी रेडिओ (हॅम) ऑपरेटरांचा हात मायक्रोफोन गेनकडे जातो. बरेचदा ते बरोबरही असते. पण हीच तक्रार दोन निराळ्या दोषांतून उद्भवते, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

एसएसबीत (सिंगल साइडबँड, हॅम रेडिओवर बोलण्याची पद्धत) आवाजाच्या चढउतारांबरोबर सिग्नलची उंची सतत बदलत असते. ॲम्प्लिफायरने लहान आणि मोठ्या दोन्ही उंची एकाच प्रमाणात वाढवाव्यात, एवढीच अपेक्षा असते. ड्राइव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायरला आत दिलेला सिग्नल, जास्त झाला की ट्रान्झिस्टरला पुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे जाता येत नाही, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारे स्थिर व्होल्टेज, कमी पडला की बिघाड माथ्यावर नव्हे, तर शून्यरेषेजवळ होतो: लाटेचा एकेक अर्धा भाग सांभाळणाऱ्या पुश-पुल जोडीतला एक ट्रान्झिस्टर थांबून दुसऱ्याने काम हाती घ्यायच्या क्षणी दोघेही जवळजवळ बंद असतात, आणि लहान सिग्नल त्या फटीत हरवतो. ही फट बुजवण्यासाठीच क्लास एबीमध्ये ड्राइव्ह नसतानाही थोडा स्थिर प्रवाह वाहता ठेवतात. सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएमला क्लास सी, म्हणजे असा स्थिर प्रवाह न ठेवणारी पद्धत, चालतो, कारण तिथे माहिती लाटेच्या उंचीच्या बारीक चढउतारांत नसते.

शेजाऱ्याच्या रिसीव्हरवर मात्र दोन्ही दोष सारखेच भासतात. समजा, ७१०० किलोहर्ट्झवर एलएसबीत (लोअर साइडबँड, म्हणजे सूर या फ्रीक्वेन्सीच्या खाली पडतात) आपण ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर एकदम सोडले. हवेत ते ७०९९.३ आणि ७०९८.१ किलोहर्ट्झवर दिसतील. ॲम्प्लिफायर वाकडा असेल तर तिसऱ्या क्रमाच्या मिश्रणातून (एकाची दुप्पट वजा दुसरा) ७१००.५ आणि ७०९६.९, तर पाचव्या क्रमातून (एकाची तिप्पट वजा दुसऱ्याची दुप्पट) ७१०१.७ आणि ७०९५.७ किलोहर्ट्झवर नको असलेले सूर उगवतात. लो-पास फिल्टर १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरचे हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) अडवतो, पण हे सूर बँडच्या आतच असल्याने त्यांना तो हातही लावू शकत नाही. फिल्टर चांगला म्हणजे सिग्नल स्वच्छ, हा समज मला म्हणूनच धोक्याचा वाटतो.

फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे ड्राइव्ह निम्मा करून पाहणे. माथा कापला जात असेल तर घाण झपाट्याने कमी होते. बायसचा दोष असेल तर मुख्य सिग्नल घटतो, घाण मात्र त्या मानाने तशीच राहते किंवा उठून दिसते, कारण लहान लाटेचा मोठा वाटा आता त्या फटीतून जातो. ऑसिलोस्कोपवर दोन सुरांचा आकार पाहिला तर पहिल्या दोषात शिखरे चपटी दिसतात; दुसऱ्यात शिखरे गोल असतात, पण दोन फुगवट्यांमधली तिरकी फुली नेमकी एका बिंदूत न छेदता अक्षावर थोडी पसरते.

इंदूरला रामबागेत गच्चीवरच्या खोलीत माझा दोन आयआरएफ५१० (मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर) चा घरगुती ॲम्प्लिफायर आहे. मे महिन्यात दुपारी बराच वेळ बोलून हीटसिंक तापलेला असताना मी प्रत्येकी १०० मिलीॲम्पिअर स्थिर प्रवाह लावला आणि निश्चिंत झालो. डिसेंबरच्या एका सकाळी उज्जैनच्या एका ज्येष्ठ ऑपरेटर काकांनी विचारले, "अहो, हळू बोलताना तुमचे शब्द खरखरतात, ड्राइव्ह बघितलात का?" मी ड्राइव्ह कमी केला, तर ते म्हणाले की खरखर वाढलीच. मीटर लावला तेव्हा प्रवाह २० मिलीॲम्पिअरच्या आसपास होता. मॉसफेट थंड असताना त्याच्या गेटला (नियंत्रण करणाऱ्या टोकाला) तेवढ्याच प्रवाहासाठी जास्त व्होल्टेज लागते, हे मला माहीत होते, पण मे आणि डिसेंबरमधले अंतर मी हिशेबात धरले नव्हते.

या ट्रान्झिस्टरचे थ्रेशोल्ड (तो चालू होऊ लागतो ते गेटचे व्होल्टेज) २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकते, म्हणून दोघांना एकच प्रीसेट (बायस जुळवायचा छोटा फिरता रोधक) पुरत नाही. अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती जिरवणारा रोधक) जोडावा, ड्राइव्हची केबल काढावी, दोन्ही प्रीसेट सर्वांत कमीवर आणावेत, मग पीटीटी (प्रक्षेपणाचे बटण) दाबून एकेकाचा प्रवाह हळूहळू वाढवावा. जास्त बायस म्हणजे जास्त शुद्धता असेही नाही: १३.८ व्होल्टवर १ ॲम्पिअर स्थिर प्रवाह ठेवला तर एक शब्दही न बोलता एकेका ट्रान्झिस्टरमध्ये १३.८ वॉट उष्णता होते. आता मी हीटसिंकला चिकटवलेला थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रोधक) बायसच्या वाटेत घेतला आहे, आणि जानेवारीच्या सकाळी काटा ९० मिलीॲम्पिअरच्या खाली आला नाही.