कोड गिआस : लेलूश ऑफ द रिबेलियन

साम्राज्यसत्ता, वसाहत व बंडखोरी या विषयांवरील जपानी ॲनिमे मालिका. सनराइज या स्टुडिओची निर्मिती. दिग्दर्शन गोरो तानिगुची, मुख्य लेखन इचिरो ओकोउची आणि पात्रांची मूळ रेखाटने क्लॅम्प या चित्रकथाकार स्त्रियांच्या गटाची. पहिले पर्व (२५ भाग) ऑक्टोबर २००६ ते जुलै २००७, तर दुसरे पर्व (२५ भाग) एप्रिल ते सप्टेंबर २००८ या काळात जपानमध्ये प्रक्षेपित झाले.

कथा पर्यायी इतिहासात घडते. अमेरिका खंडात केंद्र असलेले पवित्र ब्रिटानियन साम्राज्य जपान जिंकून त्याला ‘एरिया ११’ हा क्रमांक देते. जपानी माणूस ‘इलेव्हन’ ठरतो. साकुराडाइट या खनिजाचे जपानमधील मोठे साठे हे स्वारीचे एक कारण. आईच्या हत्येनंतर जपानमध्ये ओलीस म्हणून धाडलेला ब्रिटानियन राजपुत्र लेलूश याला सी. सी. या गूढ स्त्रीकडून ‘गिआस’ ही शक्ती मिळते. तिच्या बळावर लेलूशने डोळ्यांत पाहून दिलेली आज्ञा समोरच्याला पाळावीच लागते. मात्र एका व्यक्तीवर ती एकदाच चालते. मुखवटा घालून ‘झिरो’ या नावाने तो बंड उभारतो.

कथेतील स्वारी २०१० मधली असली, तरी ते वर्ष इसवी सनाचे नाही. ब्रिटानियन शकाचा आरंभ रोमनांशी लढलेल्या एका केल्टिक राजाच्या राज्यारोहणापासून, इ. स. पू. ५५ च्या सुमारास, धरला जातो. तसे मानल्यास स्वारी इ. स. १९५५ च्या आसपास येते. मालिकेतील यंत्रसामग्री त्या काळाशी जुळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण पर्यायी इतिहासात तंत्रविकासाचा वेग निराळा असू शकतो.

एरिया ११ चा मूळ संदर्भ कोणता, याविषयी दोन मते संभवतात. एक मत जपानवरील १९४५–५२ मधील अमेरिकी ताब्याकडे बोट दाखवते. दुसरे मत जपानच्याच वसाहतवादाचे उलटे चित्र त्यात पाहते : कोरिया १९१० मध्ये खालसा झाला आणि १९४० पासून कोरियनांवर जपानी धर्तीची नावे घेण्याची सक्ती आली. नाव पुसून क्रमांक देण्याचा प्रकार दुसऱ्या मताला अधिक जवळचा वाटतो. निष्ठा दाखवून मिळणारा ‘मानद ब्रिटानियन’ हा दर्जा पाहून रावबहादुरकीच्या आठवणी जपणाऱ्या मराठी वाचकाला काही वेगळे सांगावे लागणार नाही. हा दर्जा पत्करणारा सुझाकू कुरुरुगी हा जपानच्या अखेरच्या पंतप्रधानांचा मुलगा. युद्ध थांबावे म्हणून त्याने लहानपणी बापाचाच जीव घेतलेला असतो. साधनशुचितेचा त्याचा आग्रह त्या अपराधभावातून येतो, त्यामुळे तो लेलूशचा निव्वळ सज्जन प्रतिस्पर्धी राहत नाही.

मालिकेच्या आकर्षणाचे श्रेय सहसा डावपेचांना आणि बुद्धिबळाच्या प्रतिमांना दिले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक डावाची किंमत इथे वसूल होते. नारिताच्या लढाईत लेलूश डोंगरउतार कोसळवून शत्रुसैन्य गाडतो. तोच चिखल पायथ्याच्या वस्तीत घुसतो आणि त्याची वर्गमैत्रीण शर्ली हिचे वडील त्यात मरतात. पुढे युफेमिया ही राजकन्या जपान्यांसाठी स्वायत्त विभाग देऊ करते व लेलूश तिच्याशी समेट करतो. तेवढ्यात केवळ उदाहरण म्हणून तो ‘जपान्यांना मार असे म्हटले तरी’ असे बोलून जातो. गिआसवरचा त्याचा ताबा नेमका तेव्हाच सुटलेला असल्याने ती आज्ञा ठरते आणि कत्तल होते. हा प्रसंग ओढूनताणून आणल्याची टीका झाली आहे. तीत तथ्य आहे. परंतु त्यानंतर लेलूश युफेमियाच्या बदनामीचा राजकीय लाभ उठवतो, तिथे योगायोग नसून निवड आहे.

पहिले पर्व रात्री उशिरा, तर दुसरे रविवारी सायंकाळी दाखवले गेले. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी लेलूशची स्मृती गेलेली दाखवून मांडणी नव्याने केली आहे. नव्या प्रेक्षकांची सोय हे त्यामागील कारण असावे. लेलूशच्या आवाजासाठी जुन फुकुयामा यांना २००७ मध्ये पहिल्या सेइयू (आवाज-अभिनेत्यांच्या) पुरस्कारांत प्रमुख भूमिकेचा पुरस्कार मिळाला.

शेवटी लेलूश ९९ वा सम्राट होतो, जगाचा द्वेष स्वतःवर ओढवून घेतो आणि झिरोच्या वेषातील सुझाकूकडून मारला जातो. तो खरोखर मरतो का, हा वाद अंतिम दृश्यातील चेहरा न दिसणाऱ्या गाडीवानावरून उद्भवला. मृत्यू हाच अर्थ मालिकेच्या रचनेशी सुसंगत दिसतो. २०१९ च्या चित्रपटात लेलूश परततो खरा. मात्र तो चित्रपट २०१७–१८ मधील तीन संकलनपटांचा (मालिकेचेच भाग जोडून केलेल्या चित्रपटांचा) कथाप्रवाह पुढे नेतो, आणि त्या प्रवाहात मालिकेत मेलेली शर्लीही जिवंत आहे. त्यामुळे २००८ च्या शेवटाविषयी तो पुरावा म्हणून वापरता येत नाही.