वाहतूक संथीकरण

वर्दळीच्या शहरी रस्त्यावरील वाहनांचा वेग रस्त्याच्या घडणीतूनच कमी आणि एकसारखा राखण्याच्या, आणि तोच रस्ता पायी चालणाऱ्यांना सुरक्षित व प्रसन्न वाटेल असा करण्याच्या नियोजनपद्धतीला वाहतूक संथीकरण म्हणतात. तीत केवळ फलक, दंड किंवा नाक्यावरचा पोलीस यांच्यावर भिस्त ठेवली जात नाही. गाडीवाटेची रुंदी, कोपऱ्यांची गोलाई, ओलांडणीची पातळी, झाडे आणि पार्किंग यांची मांडणी अशी केली जाते की, मर्यादेचा आकडा न वाचताही चालकाने वेग आवरावा. संथ वाहतूक आणि तुंबलेली वाहतूक यांत मात्र मूलभूत फरक आहे. तुंबलेल्या रस्त्यावर गाड्या थांबतात, हॉर्न वाजतात आणि पुढे थोडी जागा मिळताच चालक वेग वाढवतात. संथ रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटरच्या वेगाने गाड्या न अडखळता पुढे सरकत राहतात.

या आकड्यामागे साधा हिशेब आहे. आदळणाऱ्या वाहनाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत ३० किलोमीटरच्या तुलनेत पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा असते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाची मोटार सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, तर ५० च्या वेगाच्या मोटारीला सुमारे २८ मीटर लागतात. दुकानातून बाहेर पडून अचानक रस्त्यावर उतरलेले मूल वाचते की नाही, हे या १५ मीटरांत ठरते. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतील ३२,८२५ जण पादचारी होते. रस्ता सुरक्षेविषयीच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे माणसे आणि वाहने एकाच जागेत वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा सुचवली आहे. भारतात २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल ७० किलोमीटरपर्यंत मुभा ठेवली आहे. राज्य शासनाला याहून कमी मर्यादा ठरवता येते आणि बाजारपेठेच्या रस्त्यासाठी ती कमी असणेच योग्य होय.

या पद्धतीची आधुनिक सुरुवात नेदरलँड्समध्ये झाली. डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रहिवासी गल्ल्यांमध्ये फरसबंदी, झाडे आणि वळणे योजून गाड्यांना माणसाच्या चालीवर आणण्यात आले. ‘वोनर्फ’ नावाच्या या रचनेला १९७६ मध्ये तेथील कायद्याने मान्यता दिली. पुढे जर्मनीने हा विचार मोठ्या प्रमाणावर उचलला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने मुख्य मार्ग वगळून जवळजवळ सर्व रस्त्यांवर ३० ची मर्यादा लागू केली.

ठाण्याच्या संदर्भात हा विषय समजून घेण्यासाठी नौपाड्यातील गोखले रस्ता आणि राममारुती रस्ता यांच्याकडे पाहावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला पोहोचली आणि तेव्हापासून या गावाची वाढ स्थानकाच्या ओढीने होत गेली. घरे, शाळा, दवाखाने, कापडाची व सोन्याची दुकाने, खाऊगल्ल्या आणि स्थानकाकडे धावणाऱ्या रिक्षा हे सारे जुन्या, मर्यादित रुंदीच्या रस्त्यांवर एकवटले. संध्याकाळी सहानंतर येथे वाहनांचा सरासरी वेग आधीच कमी असतो, म्हणून संथीकरणाची गरज नाही असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. गर्दीच्या वेळी पादचारी पदपथावरून नव्हे, तर उभ्या दुचाकी आणि चालत्या रिक्षा यांच्यामधल्या हातभर पट्टीतून चालतो. रात्री दहानंतर तोच रस्ता मोकळा होताच दुचाकी सुसाट सुटतात. दोन्ही वेळच्या धोक्याचे मूळ एकच आहे : कोणती जागा कोणाची, हे रस्ता स्वतः सांगत नाही.

त्यामुळे अशा रस्त्यावर कामाचा आरंभ पदपथापासून करावा लागतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच इतकी अडथळाविरहित मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात विजेच्या पेट्या, जाहिरातफलकांचे खांब, दुकानाच्या पायऱ्या आणि दर इमारतीच्या फाटकापाशी खाली-वर होणारा उतार यांमुळे ही रुंदी तुकड्यातुकड्यांत विभागली जाते. गुडघे दुखणारी आजी किंवा बाबागाडी ढकलणारी आई दहा पावलांत तीनदा उतरण्या-चढण्यापेक्षा सरळ गाडीवाटेनेच जाणे पसंत करते, आणि त्यात तिची चूक काहीच नसते. चांगल्या रचनेत फाटकापाशी पदपथ खाली उतरत नाही, तर मोटारीला छोट्या चढावरून त्याच्या पातळीवर यावे लागते. पेट्या, खांब, बाके आणि झाडे यांना कडेलगत एक स्वतंत्र पट्टा दिला जातो, ज्याने चालण्याची वाट सलग राहते. अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या फरशा याच सलग वाटेवर हव्यात. त्या खांबावर जाऊन आदळत असतील, तर त्या नसलेल्या बऱ्या.

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे गाडीवाटेची रुंदी. रस्ता प्रशस्त दिसला की वेग वाढतो, हे नवी मुंबईत स्पष्ट दिसते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने येथे सेक्टरवार आखणी करून सरळ, रुंद रस्ते दिले. जुन्या ठाण्यात जागेची चणचण हा प्रश्न आहे, तर वाशी-नेरुळच्या अनेक अंतर्गत रस्त्यांवर जागेची मुबलकताच वेगाला आमंत्रण देते. तेथे गाडीवाट अरुंद करून उरलेली जागा सायकल, झाडे व पदपथ यांना देणे शक्य असते. अरुंद गाडीवाटेचा आणखी एक लाभ असा की, सेकंदाला १.२ मीटर या चालीने १२ मीटरचा रस्ता ओलांडायला १० सेकंद लागतात, तर ७ मीटरचा रस्ता सहा सेकंदांत पार होतो. चौकात पदपथ थोडा पुढे आणून कोपऱ्याची गोलाई कमी केली, तर वळणारी रिक्षा मंदावते, पादचारी उभ्या गाड्यांच्या आडून बाहेर येऊन नीट दिसू लागतो आणि कोपऱ्यावर गाडी लावण्याची सोयही उरत नाही.

गतिरोधक हे सर्वांत परिचित, पण सर्वांत बेफिकिरीने वापरलेले साधन आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण वाहतुकीसाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर माथ्याचा गतिरोधक सांगितला आहे, ज्यावरून ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने धक्का न बसता जाता येते. गल्लोगल्ली दिसणारे, हातभर रुंदीचे टोकदार उंचवटे या मापात बसत नाहीत. ते दुचाकीस्वाराला पाडतात, बसमधील उभ्या प्रवाशाच्या आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाच्या अंगावर येतात आणि चालकाला दोन उंचवट्यांमध्ये पुन्हा वेग घ्यायला लावतात. शाळा, मंदिर किंवा बाजारासमोर त्याऐवजी उंचावलेली ओलांडणी अधिक उपयुक्त ठरते. येथे झेब्रा पट्टे पदपथाच्या पातळीवर असतात, म्हणजे माणूस सपाट चालतो आणि गाडी चढते. मात्र ठाण्यासारख्या, पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या शहरात अशा ओलांडणीपाशी पाणी ज्या बाजूने येते तिथे ते वाहून नेणारी जाळी ठेवली नाही, तर पहिल्याच मोठ्या सरीत तिथे तळे साचते आणि दोष रचनेच्या माथी मारला जातो.

पार्किंग आणि फेरीवाले हे दोन विषय टाळून कोणताही आराखडा टिकत नाही. सम-विषम तारखांना आलटून-पालटून एका बाजूला गाड्या लावण्याची पद्धत ठाणेकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. तिच्याऐवजी एका बाजूला कायमचे कप्पे आखून मधूनमधून झाडांनी खंड पाडला, तर गाडीवाटेला सौम्य नागमोडी वळण मिळते आणि तेही वेग आवरते. माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची ठरावीक वेळ आणि रिक्षांना निश्चित थांबा द्यावा लागतो. फेरीवाल्यांच्या बाबतीत २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीद्वारे जागा ठरवण्याची वाट दाखवली आहे. भाजीवाली आणि गजरेवाली यांच्यामुळे रस्त्यावर उशिरापर्यंत दिवा, माणूस आणि नजर राहते. त्यांना हुसकावून रस्ता सुंदर होतो, ही समजूत चुकीची आहे.

सुशोभीकरण म्हणजे रंगीत दिवे आणि कारंजी, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. या शब्दाचा गाभा सावली, बसण्याची जागा आणि नीटनेटकी जमीन यांत आहे. मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीवर, संध्याकाळी माणसे रेंगाळतात, कारण तिथे पाणी, वारा आणि बसायला कठडा आहे. हीच सोय बाजाररस्त्यावर झाडाखालच्या एका बाकानेही थोडीफार साधते. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट न ओतता माती मोकळी ठेवणे आवश्यक आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुका अशाच रस्त्यांवरून जातात, त्यामुळे गाड्या पदपथावर चढू नयेत म्हणून रोवलेल्या खुंट्या काढता येतील अशा असाव्यात आणि रस्त्यावर आडव्या कमानी नसाव्यात.

जवळचा दाखला पुण्याचा आहे. तेथील जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाके आणि आखलेले पार्किंग करण्यात आले, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याच्या काही भागावर वाहने थांबवून पादचारी दिन पाळला जातो. कायमचे बांधकाम करण्यापूर्वी रंग, शंकू आणि कुंड्या ठेवून काही आठवडे चाचणी घेणे हाही रूढ मार्ग आहे. गिऱ्हाईक घटेल ही दुकानदारांची भीती तिथल्या तिथे पडताळता येते आणि बस वळते की नाही हेही कळते. ठाण्यात रस्ता महानगरपालिकेचा, तर वाहतुकीचे नियमन पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेचे, त्यामुळे चाचणीचा आराखडा दोघांनी एकत्र बसून केला तरच एकेरी मार्ग आणि पदपथ परस्परांना पूरक ठरतात. बांधकाम झाल्यावरची मोठी कसोटी म्हणजे खोदाई होय. जलवाहिनी किंवा केबलसाठी उखडलेले पेव्हर ब्लॉक पूर्वीच्या पातळीवर बसवले गेले नाहीत, तर एका पावसाळ्यातच पदपथ खचतो आणि माणसे पुन्हा गाडीवाटेवर उतरतात. म्हणून नव्या पदपथाखाली सुरुवातीलाच केबलींसाठी नळ्या आणि ठरावीक अंतरावर उघडता येणारे चौकोन ठेवले जातात.