बेरोजगारी विमा आणि वेल्फेअर: अमेरिकेतील दोन वेगळ्या व्यवस्था

सरकारने घरबसल्या पैसे दिले तर लोक काम कशाला करतील, हा प्रश्न अमेरिकेच्या राजकारणात गेली अनेक दशके विचारला जात आहे. तो विचारताना बेरोजगारी विमा आणि वेल्फेअर म्हणून ओळखली जाणारी रोख मदत यांची सर्रास गल्लत होते. गल्लत होण्यास एक कारणही आहे. १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ज्या सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली, त्या एकाच कायद्यातून या दोन्ही व्यवस्था उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत खुद्द रूझवेल्ट यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, बोलताना, काम न देता नुसती मदत वाटत राहणे म्हणजे माणसाचे सत्त्व हळूहळू नष्ट करणारे अमली द्रव्य देणे होय, असे बजावले होते. परावलंबनाची ही चिंता म्हणजे केवळ उजव्या पक्षाची निर्मिती नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

बेरोजगारी विम्याचा पैसा मुख्यतः मालकांवरील करातून येतो. केंद्राचा कर प्रत्येक कामगाराच्या वर्षातील पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर ६ टक्के असून, राज्याचा कर वेळेवर भरणाऱ्या मालकाला त्यातून सहसा ५.४ टक्क्यांची सूट मिळते. जो मालक जास्त माणसे कमी करतो त्याच्या राज्य कराचा दरही वाढतो, त्यामुळे कपातीची काही किंमत त्याच्याच खिशातून जाते. लाभ मिळण्यासाठी अर्जदाराने आधी पुरेसे वेतन मिळवलेले असावे लागते, नोकरी त्याच्या चुकीने गेलेली नसावी लागते आणि तो नवे काम शोधत असल्याचे त्याला ठरावीक मुदतीने नोंदवावे लागते. बहुतेक राज्यांत ही मदत जास्तीत जास्त २६ आठवडे मिळते, तर फ्लोरिडात बेरोजगारी कमी असताना जेमतेम १२. गरिबी सिद्ध करण्याची अट इथे मुळातच नाही.

वेल्फेअरचा पाया नेमका उलट आहे. ती मदत मिळते ती गरिबी सिद्ध केल्यावर, आणि मुले सांभाळणाऱ्या कुटुंबांना. आरंभी ती पितृछत्र हरपलेल्या मुलांसाठी होती आणि आईने घरीच राहून मुले वाढवावीत हाच तिचा हेतू होता. पुढे, विशेषतः साठच्या दशकापासून, आजवर डावलल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मातांना ती अधिक प्रमाणात मिळू लागली, लाभार्थी कुटुंबांची संख्या झपाट्याने वाढली आणि चर्चेचा सूर बदलला. १९७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी मदत लुबाडणाऱ्या एका स्त्रीचा दाखला सभांमधून वारंवार दिला. १९९४ च्या सुमारास सुमारे ५० लाख कुटुंबे या योजनेत होती. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने ती गुंडाळून ‘टॅनफ’ (गरजू कुटुंबांसाठी तात्पुरती मदत) ही योजना आणली. केंद्राच्या निधीतून आयुष्यभरात एकूण ६० महिने मदत, आठवड्याला साधारण ३० तास काम, मूल सहा वर्षांखालील असलेल्या एकट्या पालकाला २० तास, असे तिचे नियम आहेत.

लाभार्थी कुटुंबे त्यानंतर झपाट्याने घटली आणि सुधारणेचे समर्थक हेच यशाचे प्रमाण मानतात. एकट्या मातांचा रोजगार नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात खरोखरच वाढला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच काळात अर्थव्यवस्था तेजीत होती आणि कमी वेतनाच्या कामगारांना मिळणारा कर-परतावा १९९३ मध्ये मोठा वाढवला गेला होता, त्यामुळे सारे श्रेय कठोर अटींना देता येत नाही. शिवाय यादीतून नाव कमी होणे आणि काम मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राचे वार्षिक १६.५ अब्ज डॉलरचे अनुदान महागाईनुसार वाढत नाही आणि राज्यांना ते इतर कामांकडे वळवता येते, म्हणून रोख मदतीवर आज त्याचा लहानसाच हिस्सा खर्च होतो. मिसिसिपीत तीन माणसांच्या कुटुंबाला २०२१ पासून महिन्याला कमाल २६० डॉलर मिळतात. त्याच राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये या निधीतील कोट्यवधी डॉलरचा गैरवापर उघड केला, आणि त्यातला काही पैसा विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संकुलासाठी गेला होता. परावलंबनाचा ठपका मात्र मातांवर आणि तपासणी त्यांच्याच तासांची, हे मला अन्यायाचे वाटते.

कोविडच्या काळात तोच ठपका विम्यावर आला. २०२० मध्ये काँग्रेसने लाभात आठवड्याला ६०० डॉलरची भर घातली, पुढे ती ३०० वर आली. २०२१ च्या उन्हाळ्यात, माणसे कामावर परतत नाहीत या कारणाने, निम्म्याच्या आसपास राज्यांनी ही भर मुदतीआधीच थांबवली. त्या राज्यांत रोजगार वाढला, पण लाभ गमावलेल्यांच्या संख्येच्या मानाने फारच थोडा. विम्याबाबत रास्त वाद आहे तो किती आठवडे आणि किती रक्कम, एवढाच. मंदीत तो आपोआप फुगतो आणि तसेच अपेक्षित आहे. ठरीव अनुदानावरील टॅनफला मात्र ती लवचीकता नाही, आणि २००८ च्या मंदीत ते स्पष्ट दिसले.

अमेरिकेत स्थायिक मराठी कुटुंबांनी हा भेद नीट जाणून घ्यावा. न्यू जर्सीत बेरोजगारी विम्यासाठी कामगाराच्या पगारातूनही वर्गणी कापली जाते. ग्रीन कार्डासाठी अर्जदार सरकारवर भार होईल का हे पाहताना २०२२ च्या केंद्रीय नियमात टॅनफची रोख मदत विचारात घेतली गेली, बेरोजगारी विमा नाही. टॅनफसाठी तर बहुतेक नव्या ग्रीन कार्डधारकांना पाच वर्षे थांबावे लागते. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीला विमा मिळेल का, हे दुसऱ्या मालकाकडे काम करण्याच्या कायदेशीर मुभेवर आणि राज्याच्या नियमांवर अवलंबून असते. पण ग्रीन कार्ड असलेल्या, पात्र कामगाराने नोकरी गेल्यावर केवळ लाजेपोटी अर्ज टाळण्याचे काहीही कारण नाही.