जादा मीटरच्या वायरी कुठून आल्या

गाडीला वरून बसवायचा टेम्परेचर मीटर विकत आणला की खोक्यातून मीटर निघतो, इंजिनात बसून तापमान कळवणारा एक पितळी सेंडर निघतो आणि जोडायच्या असतात चार वायरी. एक इग्निशनच्या लाइनला, एक बॉडी अर्थला, एक सेंडरला आणि आतल्या दिव्याची पार्किंग लाइटला. वायरमनला तासाभराचं काम. पण एवढ्या बारीक वायरींवर भागायला लागण्याआधी मीटरवाल्यांनी ड्रायव्हरच्या पुढ्यात काय काय आणून ठेवलं होतं!

सुरुवातीला तर वायरच नव्हती. फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांना पाण्याचा पंप नसे. गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्या भरवशावर रेडिएटर चाले. चढाला इंजिन तापलं की कळायचं ते वाफ निघाल्यावरच. १९१० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतल्या मोटो-मीटर कंपनीने हॅरिसन बॉइस याचा थर्मामीटर बाजारात आणला. तो थेट रेडिएटरच्या झाकणावर उभा राही आणि पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवी. समोरच्या काचेतून बॉनेटपलीकडे बघायचं आणि लाल रेघ किती चढली ते ओळखायचं.

पुढे मीटर आत आला, पण येताना नळी घेऊन आला. पाण्यासाठी ईथर भरलेली केसासारखी बारीक नळी. ती कापता येत नसे की जोडता येत नसे, म्हणून उरलेली लांबी वेटोळं करून डॅशबोर्डमागे कोंबायची. ऑइलसाठी आणखी एक नळी, आणि तिच्यातून चक्क इंजिनातलं ऑइल दाबासकट मीटरपर्यंत यायचं. दोन्ही मीटरांच्या पोटात एजेन बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ साली पेटंट घेतलेली वाकडी नळी: आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. जोडणीचा नट सैल राहिला तर गरम ऑइल ड्रायव्हरच्या पायावर.

तिसरा पाहुणा म्हणजे करंट. अँपिअर मीटर वाटेत मधोमध बसतो. स्टार्टरचा करंट सोडला तर बॅटरीत जाणारा आणि तिच्यातून निघणारा सगळा करंट त्याच्या पोटातून जातो, म्हणून जाड वायर डॅशबोर्डपर्यंत न्यायची आणि परत आणायची. डायनॅमोच्या काळात हे खपून गेलं. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत डायनॅमोच्या जागी जास्त करंट देणारा अल्टरनेटर दिला आणि मग करंट वाढतच गेला. क्रायस्लरने अँपिअर मीटर मात्र बरीच वर्षं सोडला नाही. या जुन्या गाड्यांत इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतला कनेक्टर तापून वितळलेला आजही सापडतो. माझं मत विचाराल तर वरून बसवायला अँपिअर मीटर घेऊच नये. व्होल्टमीटरला एक बारीक वायर इग्निशनला आणि एक अर्थला पुरते. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट आणि चालू झाल्यावर चौदाच्या आसपास दिसलं की चार्जिंग ठीक.

दरम्यान कंपन्यांनीच मीटर काढायला सुरुवात केली होती. १९३० च्या दशकात हडसनने ऑइल आणि चार्जिंगसाठी नुसते लाल दिवे दिले. युद्धानंतर इतरांनीही तेच केलं. अमेरिकेत त्यांना ‘इडियट लाइट’ म्हणू लागले, कारण दिवा लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असे. जादा मीटरांचा धंदा फोफावला तो या चिडीवर. डॅशबोर्डखाली पत्र्याची पट्टी आणि तिच्यात तीन गोल: ऑइल, पाणी, अँपिअर. शिकागोच्या स्टुअर्ट-वॉर्नरचे मीटर त्यात मानाचे.

नळ्या गेल्या त्या इलेक्ट्रिक सेंडरमुळे. हा सेंडर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. पाणी तापलं की रेझिस्टन्स उतरतो, अर्थकडे जास्त करंट जातो, काटा चढतो. म्हणूनच सेंडरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवली की काटा पार लालमध्ये जातो. गेला तर मीटर आणि वायर शाबूत, खोट सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. एका वायरीच्या सेंडरला अर्थ मिळतो तो त्याच्या आट्यांतून. गळू नये म्हणून आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळणारा गडी तोच अर्थ तोडून बसतो आणि मग मीटर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतो. दुसरी भानगड आकड्यांची. पेट्रोलच्या मीटरात जर्मन व्हीडीओ कंपनीचा सेंडर १० ते १८० ओहम, जुन्या जनरल मोटर्सचा ० ते ९०. एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा सेंडर जोडला तर अर्धी टाकी काय वाटेल ती दिसेल.

आता तर वेगळ्या सेंडरचीही गरज उरलेली नाही. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या बिघाड तपासायच्या सॉकेटमधून इंजिनचा कॉम्प्युटर पाण्याचं तापमान आकड्यात सांगतो. मीटरची पिन खोचली की झालं. फक्त त्या सॉकेटमधली १६ नंबरची पिन थेट बॅटरीची असते, चावी काढली तरी चालू. तेव्हा मीटर आपणहून झोपी जाणारा नसेल तर चार-आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. पूर्वी मीटरची वायर इग्निशनऐवजी डायरेक्ट लाइनला जोडली की उतरायची, तशीच.