‘मूकबधिर’ या जोडशब्दातला गैरसमज

पुष्कळदा फिरणारा समज असा: जन्मतः बहिरं मूल मुकंच असतं, त्याच्या जिभेत किंवा घशात दोष असतो.

बहुतेक बहिऱ्या मुलांचा घसा, जीभ आणि स्वरतंतू धडधाकट असतात. ते बाळ रडतं, खिदळतं, पहिले काही महिने हुंकारही देतं. मात्र बोलणं आपण ऐकून शिकतो. कानावर शब्दच पडला नाही, तर तोंडातून आपोआप येणार कुठून? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही श्रवणदोष आणि वाचादोष वेगवेगळे नोंदवले आहेत. दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता 70 डेसिबल (आवाजाची पातळी मोजण्याचं एकक) किंवा अधिक घटलेली असणं म्हणजे बहिरेपण. वाचादोषाची उदाहरणं म्हणजे स्वरयंत्र काढलेलं असणं किंवा मेंदूच्या इजेने भाषा जाणं.

‘मुका’ म्हटलं की घरचे जिभेची दोरी कापून घ्यायला धावतात आणि कान तपासायचे राहतात. हेच सर्वांत महागात पडतं. थाळी वाजवून केलेली परीक्षाही फसवी, कारण बाळ हादऱ्याने किंवा हात हललेला पाहूनही दचकतं. ओएई (आतल्या कानाचा आवाजाला प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (श्रवणनस व मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) या तपासण्या झोपलेल्या बाळाच्या होतात, दुखत नाहीत. पहिली चाचणी 1 महिन्यात, निदान 3 महिन्यांत, उपाय 6 महिन्यांत सुरू, असा दंडक आहे. उपाय म्हणजे श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण), वाचोपचार, खाणाखुणांची भाषा. खुणांनी बोलणं अडतं ही भीतीही निराधार आहे; खुणांची भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे.

ओळख करून देताना ‘कर्णबधिर’ एवढंच पुरे.